राजशेखराचा कौल

देवस्थानाची समाराधना आटोपून पाने उचलली गेली आणि विड्यांचे तबक फिरू लागले, की आपल्या मंडळींत एक वाद हटकून निघतो. इंदूरहून आलेले पाहुणे माळव्याच्या शीतल रात्रींचे आणि तेथील गव्हाचे गुणगान करू लागतात. ग्वाल्हेरकर गाण्याचा विषय काढतात, आणि तो एकदा निघाला की इतरांना बोलावयास जागाच उरत नाही. बडोदेकर सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालयांचा दाखला देतात. बेळगावकर आपली हवा आणि आपला कुंदा यांवर पैज लावावयास सिद्ध असतात. आणि गोमंतकीय यजमान, हे सारे आपल्याच अंगणात जेवून चालले आहे हे जाणून, केवळ स्मित करतो. एवढ्या विशाल भारतदेशात सर्वांत उत्तम प्रांत कोणता, हा तो वाद. अशाच एका प्रसंगी वकील म्हणून निवाडा देण्याची मला आज्ञा झाली. एका पक्षाच्या घरी भोजन करून न्यायासनावर बसणे आमच्या धंद्यात निषिद्ध असल्यामुळे मी त्या दिवशी आपली सुटका करून घेतली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. कारण हा वाद विड्याबरोबर चघळण्यापुरता नाही. आपल्या शास्त्रकारांनी, प्रवाशांनी आणि कवींनी तो सहस्रावधी वर्षे गंभीरपणे चालविला आहे, आणि त्यांच्या निवाड्यांत आपल्या प्रांतांचा क्रमांक पुष्कळदा बराच खाली लागलेला आहे.

प्रथम मनूचा निवाडा पाहू. सरस्वती आणि दृषद्वती या दोन नद्यांमधील भूमी म्हणजे ब्रह्मावर्त. तेथील परंपरागत आचार तोच सदाचार. त्याच्या खालोखाल कुरुक्षेत्र, मत्स्य, पांचाल व शूरसेन मिळून झालेला ब्रह्मर्षिदेश; तेथे जन्मलेल्या अग्रजन्म्यांपासून पृथ्वीवरील सर्व मानवांनी आपापले आचरण शिकावे. त्यानंतर हिमालय व विंध्य यांमधील, विनशनाच्या पूर्वेचा आणि प्रयागाच्या पश्चिमेचा मध्यदेश. आणि शेवटी, त्याच दोन पर्वतांमध्ये पूर्वसमुद्रापासून पश्चिमसमुद्रापर्यंत पसरलेला आर्यावर्त. इंदूरकरांनी येथे किंचित आनंद मानावयास हरकत नाही, कारण त्यांचे नगर विंध्याच्या माथ्यावरील पठारावर, म्हणजे सीमेच्या आत आहे. अहिल्याबाईंचे महेश्वर मात्र विंध्य उतरून नर्मदेच्या काठी आल्यावर लागते. ते सीमेबाहेर पडले. पुणे, नाशिक, पंढरपूर, बेळगाव, गोवा यांचे नावच काढावयास नको.

तथापि मनूने एक खिडकी उघडी ठेवली आहे. जेथे कृष्णसार मृग स्वभावतः विहार करतो तो देश यज्ञास योग्य, त्यापलीकडचा म्लेच्छदेश, असे तो सांगतो. कृष्णसार म्हणजे आपला काळवीट. तो दख्खनच्या उघड्या माळरानांवर आजही आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे अभयारण्य त्याच्यासाठीच राखलेले आहे. तेव्हा घाटावरच्या मंडळींचे यज्ञ सुरक्षित झाले. परंतु कोकणात व गोमंतकात, जेथे पाऊस शंभर इंचांच्या खाली क्वचितच येतो आणि माळरानापेक्षा झाडीच अधिक, तेथे काळवीट कोठून आणावा? या कसोटीवर मंगेशी आणि कवळे यांचे काय करावयाचे, याचे उत्तर मनुस्मृतीत मला सापडले नाही.

मनू निदान दक्षिणेचे नाव घेऊन तिला दोष देत नाही. बौधायन धर्मसूत्र तेही करते. अवंती, अंग, मगध, सुराष्ट्र, दक्षिणापथ, सिंधुसौवीर इत्यादी देशांतील लोक संकीर्ण उत्पत्तीचे होत, असा त्याचा शेरा आहे. म्हणजे मनूकडे उत्तीर्ण झालेला माळवा येथे आपल्यासोबत अनुत्तीर्णांच्या बाकावर येऊन बसला. आरट्ट, पुंड्र, वंग, कलिंग अशा देशांत जो जाईल त्याने परतल्यावर विशिष्ट याग करून शुद्ध व्हावे, असेही तेथे विधान आहे. पुढील निबंधग्रंथांत उद्धृत होणाऱ्या एका वचनाने अंग, वंग, कलिंग, सौराष्ट्र व मगध या देशांत जाणाऱ्यास पुनःसंस्कार सांगितला, पण एक अपवाद ठेवला : तीर्थयात्रेसाठी गेल्यास दोष नाही. हा अपवाद केवढा मोठा, हे नकाशा समोर ठेवल्यावाचून कळत नाही. जगन्नाथाची पुरी कलिंगाच्या बाजूची, सोमनाथ सौराष्ट्रात, आणि पितरांना पिंड द्यावयाची गया मगधात. निंद्य ठरविलेल्या देशांतच देव जाऊन बसले होते, आणि त्यांच्यामागे भाविक जात होते. शास्त्रकारांना वाट करून द्यावी लागली.

बौधायनाच्याच ग्रंथात एक स्थळ असे आहे की, कायद्याच्या अभ्यासकाने ते पुनःपुन्हा वाचावे. दक्षिणेकडील पाच आणि उत्तरेकडील पाच आचार परस्परविरुद्ध आहेत, असे तो म्हणतो. दाक्षिणात्य अनुपनीताबरोबर जेवतात, पत्नीसह जेवतात, शिळे अन्न खातात, मामाच्या मुलीशी आणि आतेच्या मुलीशी विवाह करतात. उत्तरेकडील लोक लोकरीचा विक्रय करतात, मद्य पितात, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या पशूंचा व्यापार करतात, शस्त्रांवर उपजीविका करतात आणि समुद्रयान करतात. एवढे सांगून तो देत असलेला निर्णय विलक्षण आहे : एका देशाचा आचार दुसऱ्या देशात जाऊन करणारा दोषी, ज्याचा आचार त्याच्या देशात त्याला प्रमाण. गौतमाला हे मान्य नव्हते, हेही बौधायनाने प्रामाणिकपणे नोंदविले आहे. काही शतकांनी कुमारिल भट्टाने हाच खटला पुन्हा उघडला. त्याने अहिच्छत्र-मथुरेच्या स्त्रियांच्या मद्यपानावर आणि दाक्षिणात्यांच्या मामेबहिणीशी होणाऱ्या विवाहांवर सारखेच कोरडे ओढले, आणि वेदाशी विरोध असेल तेथे देशाचाराला प्रमाण मानता येणार नाही असे ठरविले. त्यानंतर विजयनगरच्या माधवाचार्यांनी पराशर-माधवीयात मामाच्या मुलीची बाजू मोठ्या पांडित्याने मांडली.

या वादाचा अंतिम निकाल कोठे लागला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, पाचव्या कलमात लागला. निषिद्ध नात्यांतील व सपिंडांतील विवाह त्या कलमाने अवैध ठरविला. पण दोन्ही पक्षांना लागू असलेली रूढी तसा विवाह होऊ देत असेल तर तो चालेल, असेही लिहिले. मामाच्या मुलीशी विवाह आज ज्या घरांत वैध ठरतो तो या अपवादावर. संसदेतील किती सभासदांना त्या दिवशी बौधायनाची आठवण झाली असेल हे सांगता येत नाही; परंतु कलमाच्या त्या उत्तरार्धात तोच बोलत आहे.

देशाचाराला मान देणारी ही बाजू आपल्या राजनीतीतही होती. जिंकलेला देश वश झाल्यावर तेथील आचार, व्यवहार व कुलस्थिती पूर्वी होती तशीच राजाने पाळावी, असे याज्ञवल्क्य सांगतो. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि बंगाल वगळता जवळजवळ सर्व भारतावर त्या टीकेचे राज्य आठ शतके चालले. ती लिहिली गेली आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, चालुक्य विक्रमादित्याच्या राजधानीत. हैदराबादकर वाचकांस हे गाव परके नाही. स्वत्वाच्या एकेका पदावर पानेच्या पाने तोलून मापून लिहिणारा हा न्यायशास्त्री ग्रंथाच्या शेवटी मात्र सारा तराजू बाजूस ठेवतो. कल्याणासारखे नगर पृथ्वीवर झाले नाही, नाही आणि होणार नाही, असे तो जाहीर करतो, आणि त्याच श्वासात राजाची व स्वतःचीही गणना करतो. आमच्या व्यवसायबंधूचा हा एकच पुराव्याविना दिलेला निर्णय मला त्याच्या इतर निर्णयांइतकाच प्रिय आहे.

परस्थांनी दिलेली मते यापेक्षा कमी पक्षपाती असतील असे वाटते, व थोड्याफार प्रमाणात ती तशी आहेतही. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सातव्या शतकात सारा देश हिंडला. विद्येची खरी चाड असलेले दोन देश त्याने निवडले, ईशान्येस मगध आणि नैर्ऋत्येस मालव. महाराष्ट्राबद्दल त्याने लिहिलेले आपण अभिमानाने सांगतो : येथील लोक उपकार स्मरणारे, अपमानाचा सूड घेणारे, आणि शत्रूवर चालून जाण्यापूर्वी त्याला सूचना देणारे आहेत. युद्धापूर्वी योद्धे मद्य पितात व हत्तींनाही पाजतात, हेही त्याच परिच्छेदात आहे. ते आपण सहसा सांगत नाही.

आठव्या शतकातील जैन आचार्य उद्द्योतनसूरी यांचे चित्र मला अधिक जिवंत वाटते. राजस्थानातील जालोर येथे इ.स. ७७९ मध्ये त्यांनी 'कुवलयमाला' पूर्ण केली. तिच्यात दक्षिणेतील विजयपुरीच्या बाजाराचे वर्णन आहे. देशोदेशींचे व्यापारी तेथे जमले आहेत आणि कथानायक त्यांच्यामधून फिरत प्रत्येकाची अंगकाठी, स्वभाव आणि तोंडची बोली टिपीत आहे. गुर्जर, लाट, मालव, कर्नाट, आंध्र, मगध असे सारे भेटतात. मराठा मनुष्य त्याला दिसतो तो दणकट, ठेंगणा, सावळ्या अंगाचा, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर. आणि त्याच्या बोलीचा नमुना म्हणून दिले-घेतले अशा अर्थाचे दोन शब्द ग्रंथकाराने नोंदविले आहेत. बाराशे वर्षांपूर्वीच्या बाजारातील या माणसाला समाराधनेच्या पंगतीत ओळखणे मुळीच कठीण नाही. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९५९ साली सिद्ध करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये हे बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे, ही गोष्ट सीमाभागातील वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उद्द्योतनसूरी कोणालाच पहिला क्रमांक देत नाहीत. बाजारात तो देऊनही चालत नाही. श्रीचक्रधरांनी तो दिला. ते स्वतः गुजरातेतून आलेले. पण शिष्यांना त्यांनी महाराष्ट्रातच राहण्याची आज्ञा केली आणि कानड व तेलंग देशांत जाण्याचे निषेधिले, कारण ते विषयबहुल देश, साधकाला भुलविणारे. देशाची थोरवी सुखसोयींच्या अभावावर मोजणारा असा निर्णय मी अन्यत्र पाहिलेला नाही. पुढे त्यांचाच पंथ पंजाबात गेला व तेथे त्याचे मठ झाले, हे मात्र इतिहासाचे काम.

आता ज्याच्या नावाने हा लेख आहे त्या राजशेखराकडे वळतो. भारतातील देशांची पद्धतशीर तुलना करून निवड करणारा त्याच्याएवढा रसिक पंडित दुसरा नाही. आणि तो महाराष्ट्रीय होता. त्याच्या पणजोबाला, अकालजलदाला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हणत. कुळाचे नाव यायावर, म्हणजे एका ठिकाणी न थांबणारे. आणि राजशेखराने ते सार्थ केले. इ.स. ९०० च्या सुमारास तो कनोजच्या प्रतिहार दरबारी महेंद्रपाल राजाचा उपाध्याय होता. पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातील, स्वतः विदुषी. तिची मते तो आपल्या ग्रंथात नाव घेऊन देतो, आणि 'कर्पूरमंजरी' सट्टकाचा पहिला प्रयोग तिच्याच इच्छेने झाला. घर दक्षिणेचे, पत्नी पश्चिमेची, अन्न कनोजचे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची स्थिती याहून फारशी निराळी नसावी.

'काव्यमीमांसा' या ग्रंथाचे अठरा भाग त्याने योजिले होते; त्यांपैकी पहिलाच आज उपलब्ध आहे. त्यातील पाठविषयक प्रकरणात तो काव्य म्हणण्याच्या रीतीवरून एकेका देशाला गुण देत जातो. काशीच्या पूर्वेकडील मगधादी मंडळी संस्कृत चांगले म्हणतात, पण प्राकृतात त्यांची जीभ बोथट होते. गौडाच्या गाथापठणाने तर प्रत्यक्ष सरस्वती त्रस्त होऊन ब्रह्मदेवाकडे गाऱ्हाणे नेते : एक तर याने गाथा म्हणणे सोडावे, नाही तर दुसरी सरस्वती नेमावी. कर्नाटातील कवी रस, रीती, गुण काहीही असो, शेवटी अभिमानाने टंकार करतातच. द्रविड देशातील कवी गद्य असो वा पद्य, सारे गाऊन म्हणतो. लाट देशाचे लोक संस्कृताचा द्वेष करतात, मात्र प्राकृत अतिशय लडिवाळपणे म्हणतात. काश्मीरला शारदेच्या प्रसादाने कवी उत्तम लाभले, परंतु त्यांचे पठण म्हणजे कानात गुळवेलीच्या काढ्याची चूळ भरावी तसे. आणि पांचालांचे, म्हणजे गंगायमुनांच्या दुआबातील कवींचे पठण? ते कानात मध ओतते.

पांचालाची राजधानी कनोज, आणि कनोजचा राजा शिष्य व पोशिंदा, हे ध्यानात घेता साक्षीदाराचा हितसंबंध उघड आहे. उलटतपासणीत तो एका प्रश्नात सापडावा. त्याच ग्रंथाच्या देशविभागात दिशा मोजावयाच्या त्याही कनोजपासून, असे तो ठरवितो. म्हणजे भारताचा मध्यबिंदू राजवाड्याच्या दारात! माहिष्मतीच्या पलीकडे दक्षिणापथ. त्यात महाराष्ट्र, विदर्भ, कुंतल, नासिक्य, कोंकण, शूर्पारक, वनवासी ही नावे तो यादीप्रमाणे सांगून जातो. स्वतःच्या जन्मप्रांताजवळ तो थांबतही नाही. हे वाचून एखादा अभिमानी वाचक पुस्तक मिटून ठेवील. मीही एकदा ठेवले होते.

परंतु याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात एक कथा आहे, आणि ती आल्यावाचून त्याची साक्ष पुरी होत नाही. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला वश करण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि ती त्याच्यामागे निघाली. तो प्रथम पूर्वेस गेला. तिने तेथील वेष, नृत्य, गीत यांनी त्याला आळविले, पण तो वश झाला नाही. ज्या वाणीत तो तेथे बोलला ती समासबहुल गौडी रीती. मग पांचालात आला; थोडासा द्रवला, तेथे पांचाली रीती झाली. मग अवंतीत. या देशाबद्दल राजशेखराने केलेले निरीक्षण माळव्यातील मराठी वाचकांना गोड वाटेल : तेथे पुरुषांचा वेष पांचालांचा, स्त्रियांचा दाक्षिणात्यांचा, आणि बोलणेचालणे दोहोंचे मिसळलेले. शेवटी तो दक्षिणेस आला आणि तेथे पूर्णपणे तिच्या अधीन झाला; ती वैदर्भी रीती. विदर्भात वत्सगुल्म नावाचे नगर आहे, मदनाचे क्रीडास्थान. तेथे काव्यपुरुषाने साहित्यविद्येशी गांधर्व विवाह केला.

वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता, आणि त्याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळी अजिंठ्याच्या काही सुंदर लेण्यांचे काम झाले. राजशेखराच्या वेळी हे वैभव लोपून चार शतके झाली होती. कनोजच्या दरबारात बसून ज्याला पांचालाची स्तुती करणे प्राप्त होते त्याला, विवाहासाठी मध्यदेशातील एखादे तीर्थ निवडणे सोपे होते, सोयीचेही होते. त्याने ते केले नाही. 'कर्पूरमंजरी'तही भैरवानंद नावाचा सिद्ध आपल्या योगबळाने नायिकेला आणतो ती दक्षिणापथातील वच्छोम नगरातून. आणि वच्छोम हे वत्सगुल्माचेच प्राकृत रूप. दोन ग्रंथांत दोनदा तेच गाव येते, हा योगायोग नव्हे. पठणाचा मान त्याने अन्नदात्या देशाला दिला. विवाह मात्र मूळच्या देशात लावला.

त्याची कसोटी यापेक्षा कठोर होती, हेही विसरून चालणार नाही. त्या काळी दख्खनचे राष्ट्रकूट आणि कनोजचे प्रतिहार हे हाडवैरी. इ.स. ९१६ च्या सुमारास राष्ट्रकूट तिसरा इंद्र उज्जयिनीवरून, यमुना ओलांडून कनोजवर चालून गेला आणि ते महानगर त्याने उद्ध्वस्त केले. महेंद्रपालाचा पुत्र महीपाल याला पळावे लागले. ज्या देशाला राजशेखर आपला म्हणत होता त्या बाजूचे सैन्य, ज्या देशाचे अन्न तो खात होता त्याच्या वेशीत शिरले. पुढे तो त्रिपुरीच्या कलचुरी राजाच्या आश्रयास आलेला दिसतो. तेथे त्याचे 'विद्धशालभंजिका' हे नाटक झाले. दोन देशांपैकी एक निवड, असे कोणी त्याला त्या दिवसांत विचारले असते तर त्याने काय सांगितले असते?

आमच्या न्यायालयांपुढे हाच प्रश्न निराळ्या वेषात शंभर वर्षे येत राहिला. कोकणातले वा देशावरचे कुटुंब पेशवाईत किंवा त्यानंतर नर्मदेपलीकडे, काशीस, जबलपुरास जाऊन स्थायिक झाले. चार पिढ्या गेल्या. कर्ता पुरुष वारला, मागे मुलगी राहिली. मुंबई शाखेच्या हिंदू कायद्याप्रमाणे बापाकडून वारशाने आलेल्या मिळकतीची ती पूर्ण मालकीण. वाराणसी शाखेप्रमाणे तिचा हक्क हयातीपुरता, तिच्यानंतर मिळकत बापाच्या वारसांकडे परत. मग हे कुटुंब कोणत्या देशाचे? घर, शेत, स्मशान उत्तरेत. उपनाव मात्र चिपळूण-राजापूरकडचे. प्रिव्ही कौन्सिलने घालून दिलेला नियम असा की, स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला मूळ देशाचा कायदा सोबत नेते असे गृहीत धरावे. त्याने तो टाकून नव्या देशाचा स्वीकारला असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे.

आणि ते सिद्ध कसे करावयाचे? तुमचे प्रेम कोणत्या प्रांतावर आहे, असे न्यायालय विचारीत नाही. उपाध्याय कोणाचा, लग्नमुंजी कोणत्या पद्धतीने होतात, श्राद्ध कोणत्या प्रयोगाने चालते, सोयरीक कोठे जुळते, हे पुरावे. नर्मदेपलीकडील एखाद्या वाड्यात आजीने हट्टाने दक्षिणी भटजीच बोलावला असेल, तर त्या हट्टावर नातीच्या नावावर वाडा पूर्ण मालकीने चढावा अशी ही व्यवस्था होती. १९५६ च्या वारसा कायद्याने शाखांमधील हा भेद बहुतांशी संपविला आणि स्त्रीला पूर्ण हक्क दिला. तो दिला हे योग्यच झाले. पण त्या जुन्या निवाड्यांतील साक्षी वाचताना देशाभिमान म्हणजे प्रत्यक्षात काय याचे जे ज्ञान होते, ते भाषणांतून होत नाही.

गोमंतकाची गोष्ट यात वेगळी. तेथे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून लागू झाली; हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या हुकमाने जागा मिळाली; आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही दिवाणी कायद्याची ही चौकट पुढे चालली. वारशाचा भाग २०१६ मध्ये अंमलात आलेल्या राज्याच्या स्वतःच्या कायद्यात आला. पण मूळ देश सोबत नेण्याचा न्याय येथेही दिसतो. गोव्याचा अधिवास असलेल्या मनुष्याची मिळकत भारतात अन्यत्र असली तरी तिच्या वारशाला गोव्याचीच संहिता लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले. आणि गोव्यात हे कायद्याच्याही आधी देवांनी केलेले आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. स्थान बदलले, पण महाजन तेच राहिले, कुळे तीच राहिली. आणि कारवार, मंगळूर, कोची येथे पांगलेली घरे आजही नवस फेडण्यास अंत्रुजातच येतात.

समाराधनेच्या त्या दिवशी सकाळी सर्वांनी एकत्र संकल्प सोडला होता, हे मला नंतर आठवले. संकल्पात यजमान देशाचा उच्चार करतो तो जेथे बसला आहे त्या देशाचा. पैठणला गोदावरीचा तीर येतो, इंदुरास नर्मदेचा उत्तर तीर, गोव्यात परशुरामक्षेत्र. नदी ओलांडली की भटजी शब्द बदलतो, आणि त्याबद्दल कोणी भांडत नाही. त्यानंतर गोत्र येते. ते मात्र कोठेही गेले तरी बदलत नाही.

राजशेखराच्या पुस्तकाचे पुढे काय झाले, तेवढे सांगावयाचे राहिले. कनोजने ते राखले नाही, विदर्भानेही नाही. ते टिकले जैन भांडारांतील पोथ्यांत. पाटणच्या भांडारांची पाहणी करणारे चिमणलाल दलाल आणि दाक्षिणात्य पंडित अनंतकृष्ण शास्त्री यांनी ते संपादिले, आणि मराठी राजाच्या आश्रयाने निघालेल्या गायकवाड प्राच्यमालेचा पहिला ग्रंथ म्हणून १९१६ साली ते बडोद्यास छापले गेले. बडोद्याचा वडपद्रक या नावाने जुना उल्लेख मिळतो तो इ.स. ८१२ च्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात. आणि तो ताम्रपट देणारा कर्कराज हा लाट देशाचा अधिपती होता. ज्या लाटांना राजशेखराने संस्कृताचे द्वेष्टे म्हटले, त्यांच्याच अंगणात त्याचा हा संस्कृत ग्रंथ पहिल्याने छापला गेला.